दाब, धर, सोड

न्हावऱ्याहून चौफुल्याकडं निघालं की उसाचे फड एकाएकी संपतात आणि माळ लागतो. कुसळाचा, मुरमाचा, उघडा माळ. पूर्वी तिथं मेंढरं चरायची. आता तिथं गाड्या पळवायचा ट्रॅक आहे. बबनरावांनी आपल्या वाटणीच्या माळावर तो बांधला तेव्हा गावानं त्यांना वेड्यात काढलं होतं. "डांबरी रस्ता करायचा, आन् त्यो कुठंच जायचा न्हाई. ह्याला म्हनायचं तरी काय?" असं लोक पारावर बसून विचारायचे. विचारणं चुकीचं नव्हतं. तो रस्ता खरोखरच कुठं जात नाही. जिथून निघतो, माळाला वळसा घालून तिथंच परत येतो. शनिवार-रविवारी पुण्याची, नगरची हौशी मंडळी आपापल्या गाड्या घेऊन यायची, दिवसभर पळवायची आणि उन्हं कलली की निघून जायची. उरलेल्या दिवसांत तिथं मी, एक पत्र्याची शेड आणि वारा.

माझं नाव जयसिंग. रांजणगावच्या एका कारखान्यात ब्रेक तपासायच्या विभागात मी बरीच वर्षं काढली. तो विभाग दुसरीकडं हलला तेव्हा बबनरावांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "जयसिंगराव, गाडी पळवणारे ढीगभर येत्यात. थांबवायची काळजी करनारा एक तरी जवळ पायजे."

दर शनिवारी सकाळी मी सगळ्यांना शेडपुढं उभं करायचो आणि तेच ते सांगायचो. रस्त्यावर ब्रेक मारता तसा इथं मारू नका. इथं ब्रेक तव्यासारखा तापतो. तेल जुनं असलं तर त्यानं हवेतलं पाणी धरलेलं असतं. तापलं की ते गुऱ्हाळाच्या काहिलीतल्या रसासारखं उकळतं, बुडबुडे धरतं, मग पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. पॅड किती झिजलाय ते निघायच्या आधी बघा. शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेकला वारा खाऊ द्या. आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, पेडलवर पाय ठेवून बसू नका. तापलेल्या डिस्कला पॅड धरून राहिला की दोघांचंही नुकसान. तापलेलं असताना सोडून द्यायचं.

"मामा, गाडीचं सांगताय का संसाराचं?" पोरं हसायची.

मीही हसायचो. तेव्हा धनश्री तिथं असायची, शेडच्या दारात डब्याची पिशवी घेऊन बसलेली. सगळ्यांत आधी तीच हसायची.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत सीटवर बसायचं, पेडलपाशी. दुसऱ्यानं चाकाशी आडवं व्हायचं. चाकामागं ब्रेकवर हवा सोडायचा बारीक पोकळ बोल्ट असतो, निपल, त्याला पारदर्शक नळी लावायची, नळीचं तोंड बाटलीत सोडायचं. खालच्यानं म्हणायचं, "दाब." वरच्यानं दाबायचं. "धर." वरच्यानं धरून ठेवायचं. मग खालच्यानं निपल सैल करायचं, तेल आणि हवा नळीतून येते, निपल परत आवळायचं. "सोड." तेव्हा सोडायचं, त्याआधी नाही. आधी सोडलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा दिसत नाही. मधे फक्त हाक.

खुटबावच्या आमच्या घरून डबा घेऊन आली की धनश्री पेडलपाशी बसायची. तिचं दाबणं मी झोपेतही ओळखलं असतं. आधी चवड्यानं हलकं चाचपायची, पाण्यात पाय घालताना बघतात तसं, मग दाबायची. तिच्या आईला जात्यावरच्या ओव्या येत, हिनं पेडलवरची जुळवली होती. एकदा मी चाकाशी असताना वरून ऐकू आली:

हाक येती चाकाकडून, पाय माझा जातो खाली
सखा दिसेना डोळ्याला, त्याची बोली कानी आली

"गाणी म्हणू नको, धर," मी म्हणालो होतो.

"धरलंया की," ती म्हणाली होती.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात पिठातच राहिला. तिनं त्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि काही बोलायला गेली ते शब्दच झाले नाहीत. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं. हात थोडा थोडा परत आला. पाय आला नाही. माझी थोरली बहीण ताईबाई, मी तिला आक्का म्हणतो, वाखारीहून आपलं गाठोडं घेऊन आली आणि आमच्याच घरी राहिली. केडगावच्या वैष्णवी मॅडम व्यायाम घ्यायला यायच्या. वयानं लहान, पण हाताला ताकद. त्या म्हणायच्या, "काका, पाय चांगला आहे. त्याला काही झालेलं नाही. फक्त वरची हाक त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. पोचली पाहिजे. बोलत राहा त्याच्याशी."

मी बोलत राहिलो. रोज सकाळी तो पाय मांडीवर घ्यायचो, तळव्याला तेल चोळायचो आणि म्हणायचो, हल. धनश्री छताकडं बघत पडलेली असायची. पाय मांडीवर ओझ्यासारखा. मग मी डबा उचलून ट्रॅकवर जायचो.

बबनराव म्हणाले, "पेडलवर बसायला मानूस देतो की."

"नको," मी म्हणालो. एकट्यानं हवा काढायची बाटली मिळते, तिच्या नळीत झडप असते, तेल बाहेर येतं पण परत जात नाही. ती आणली. चाकाशी वाकायचं, निपल सैल करायचं, उठून सीटवर जायचं, पेडल मारायचं, परत खाली यायचं. काम होतं. पण त्या कामात तोंड उघडायची गरज पडत नाही, आणि संध्याकाळी घरी आलो की माझा स्वतःचा आवाज मलाच परका वाटायचा.

दिवाळी होऊन गेली होती. आठवड्यातला मधला वार, भर दुपार. शेडमध्ये सत्यजीतची लाल गाडी होती. सत्यजीत हा शिरूरच्या कापडदुकानदाराचा मुलगा, गाडी चालवायला चांगला, पण ब्रेकवर फार विसंबणारा. पत्रा तापून तडतडत होता. बाहेर वाऱ्यानं कुसळं एका अंगाला झोपली होती. मी मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो, नळी लावली, पाना निपलवर बसवला. आणि जुन्या सवयीनं तोंडातून गेलं, "दाब."

मागचा दिवा लागला.

ब्रेक दाबला की लागतो तो लाल दिवा. त्याचा उजेड पत्र्यावर, माझ्या हातावर, बाटलीवर पडला. वरून पेडलची बारीक कुरकुर आली.

मला त्या क्षणी काही वाटलं नाही, हेच आता नवल वाटतं. हात आपले आपण चालत होते. "धर," मी म्हणालो. निपल सैल केलं. नळीतून काळपट तेल आलं, त्यात हवेचे मणी. निपल आवळलं. "सोड."

दिवा गेला.

तेव्हा कुठं माझ्या पाठीला फरशीचा गारवा लागला. मी उठलो. "आलीस?" असं मी विचारलं, मोठ्यानं. सीट रिकामी होती. पट्टा लोंबत होता. पेडल आपल्या जागी. मॅटवर धूळ होती आणि त्या धुळीवर कशाचीही खूण नव्हती.

मी ब्रेक तपासण्यात जन्म घालवलेला माणूस आहे. आधी दिव्याचा स्विच बदलला. तेल उन्हानं फुगलं असेल म्हणून गाडी सावलीच्या बाजूला ढकलली, निवू दिली. निपल नुसतं सैल करून बसलो, तेल आलं नाही. गप्प राहून वाट पाहिली, काही नाही. "ऊठ" म्हणालो, "चल" म्हणालो, काही नाही. मग पाना धरून, हलक्या आवाजात, "दाब."

दिवा लागला.

पळून जायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण तीन चाकं राहिली होती. ब्रेकमध्ये हवा ठेवून मी कधी घरी गेलेलो नाही. मी चारी चाकं पुरी केली. हाक दिली, हाकेला पाय खाली गेला, सोड म्हटलं की उठला. शेवटच्या चाकाला मी एवढंही म्हणालो, "झालं." आणि शेडचं दार लावताना माझ्या लक्षात आलं की कितीतरी महिन्यांनी मी कोणाबरोबर तरी काम केलं होतं.

घरी पोचलो तर आक्का दारातच उभी.

"जया, तुझ्या बायकूनं आज अंगठा हालवला बघ!"

"कवा?"

"दुपारी. मी कांदं निवडीत बसले व्हते. म्हनलं माशी बसली आसंल. तर माशी न्हवं, अंगठाच. खाली-वर, खाली-वर, शिलाई मशिनीवर बसल्यागत."

"उजवा?"

"मंग काय माझा? उजवाच की रं!"

मी धनश्रीकडं पाहिलं. ती पायाकडं पाहत होती. पाय चादरीखाली स्वस्थ होता.

दुसऱ्या दिवशी शेडमधून आक्काला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बोनेटवर ठेवला. "आक्का, तिच्या पायाकडं बघत बस. मी काय बोलतो तिकडं ध्यान देऊ नको. नुसतं बघ."

"आता ह्ये काय नवीन? डाळ हाय गॅसवर."

"गॅस बंद कर. बघ."

मी चाकाशी गेलो. "दाब." दिवा लागला.

फोनमधून आक्काचा श्वास ऐकू आला. "आगं बया... जया, पाऊल खाली वढलं तिनं. समदं पाऊल!"

"धर," मी म्हणालो.

"तसंच ठिवलंय... थरथरतंय... कुनाशी बोलतुयास तू? कोन हाय तिथं?"

"कोणी न्हाई. सोड."

"सोडलं," आक्का म्हणाली. आणि मग तिकडं ती रडत होती, आणि इकडं मी तापल्या पत्र्याखाली पाना छातीशी धरून बसलो होतो, आणि मला वाटलं की वैष्णवी मॅडम म्हणायच्या त्या हाकेला वाट सापडली. घरातून जात नव्हती ती इथून गेली. धनश्रीचा पाय इथंच राहिला होता, पेडलवर, माझ्या हाकेची वाट बघत. त्याला आता घरी न्यायचं एवढंच उरलं होतं.

त्यानंतर मी ब्रेकचं काम रोज काढायला लागलो. गरज नसलेल्या गाड्यांचंही तेल बदललं. कोणी विचारलं तर सांगायचो, तेल पाणी धरतं, ताजं बरं. खरं तर मला फक्त ती हाक मारायची होती. दुपारी दाब, धर, सोड. संध्याकाळी घरी गेलो की आक्का सांगायची, आज माझ्या तळहाताला रेटा दिला, आज गुडघा वाकवला. वैष्णवी मॅडम हसून म्हणाल्या, "काका, असं फार कमी वेळा होतं. तुम्ही काय करता त्याच्यापुढं?"

"बोलतो," मी म्हणालो.

धनश्रीला शब्दही येऊ लागले होते. सुटे सुटे, मधे लांब अंतर सोडून. पाणी. उजेड. आक्का. पण पाय हलला की ती हसायची नाही. टाळ्या आक्का वाजवायची. धनश्री त्या पायाकडं बघायची ती परगावच्या स्टेशनावर शेजारी येऊन बसलेल्या माणसाकडं बघावं तशी.

एक गोष्ट मला दिसत होती आणि मी तिकडं पाहत नव्हतो. पेडलवरचं ते दाबणं धनश्रीचं नव्हतं. तिचं ते हलकं चाचपणं त्यात नव्हतं. हे दाबणं जड होतं, सावकाश, थेट तळापर्यंत जाणारं. आणि सोड म्हटल्यावर ते लगेच सुटायचं नाही. जरा थांबायचं. ऐकलं, पण आपल्या मनानं सोडतोय, असं. मी स्वतःला सांगितलं, आजारातून उठलेला पाय आहे, जड असणारच.

मग एका रविवारी सत्यजीत फेऱ्या मारून आला, हेल्मेट काढलं, घामानं चिंब. "मामा, ब्रेक एकदम कडक झालाय. जादू केली तुम्ही."

"शेवटची फेरी सावकाश मारलीस का?"

"मारली की. पण एक सांगू? शेवटच्या वळणाला ब्रेक माझ्या आधीच लागतो."

"म्हंजी?"

"म्हणजे मी पाय टाकायच्या आत पेडल खाली गेलेलं असतं. जरासंच. म्हटलं, मामांनी काहीतरी भारी सेटिंग केलंय." तो हसला. "चांगलं आहे, असू दे. सोबत असल्यासारखं वाटतं."

मी गाडी उचलून चारी चाकं हातानं फिरवली. मोकळी फिरत होती. पॅड कुठं धरत नव्हता. पेडलचा खेळ बरोबर होता. ज्या गाडीचा ब्रेक पायाच्या आधी लागतो ती मी एरवी ट्रॅकवर जाऊच दिली नसती. सत्यजीतला सांगितलं, गाडी इथंच ठेव, पुढच्या आठवड्यात सगळं उघडून बघतो. आणि मनात म्हटलं, आता बस्स. धनश्रीला एकदा इथं आणायचं, तिचा पाय पेडलपाशी ठेवायचा, म्हणजे जे इथं आहे ते तिच्यात जाईल आणि हे थांबेल.

तिला घरी विचारलं, "शेडवर येतीस?"

तिनं आधी पायाकडं पाहिलं. मग म्हणाली, "बघू... द्या."

"ने की," आक्का म्हणाली. "भिताडंच बघतीया बिचारी."

हुरड्याचे दिवस होते. सकाळची उन्हं कोवळी होती. चौफुला मागं पडला, पारगावच्या पुलावरून जाताना खाली भीमेत पाणी संथ होतं, जलपर्णीत बगळे उभे होते. धनश्री काचेला कपाळ लावून बघत होती. गुऱ्हाळाच्या धुराचा गोड वास आला तेव्हा तिनं डोळे मिटले आणि मला वाटलं, झालं, आली परत.

ट्रॅकवर कोणी नव्हतं. तिच्या डाव्या हातात काठी देऊन, उजवीकडून धरून मी तिला शेडमध्ये नेलं. लाल गाडीचं दार उघडून सीटवर बसवलं. काठी बाहेर टेकवून ठेवली. वाकून तिचा उजवा पाय उचलला आणि पेडलशेजारी, मॅटवर ठेवला. "हितं ठेवलाय. मी हाक दिली की दाबायचं. घाई न्हाई."

तिनं मान हलवली. तिचे हात सीटच्या कडेला घट्ट होते.

मी मागं गेलो, मागच्या डाव्या चाकाशी आडवा झालो. नळी लावली.  वर ती होती, खाली मी होतो, पहिल्यासारखं.

"दाब."

दिवा लागला. लाल उजेड माझ्या हातांवर पडला आणि मला रडू फुटलं.

"धर," मी कसाबसा म्हणालो. निपल सैल केलं. तेल आलं, स्वच्छ, एकही बुडबुडा नव्हता. आवळलं. "सोड."

दिवा तसाच.

"सोड, धना."

दिवा तसाच.

"अहो," ती म्हणाली. आवाज बारीक. "मी... न्हाई."

"उचलता येत न्हाई का? थांब, आलो."

"मी न्हाई... दाबलं."

मी उठून पुढं गेलो. ती सीटवर मागं रेलून, अंग चोरून बसली होती, अरुंद बाकड्यावर शेजाऱ्याला जागा देतात तशी. तिचा पाय मॅटवर होता. मी ठेवला होता तिथंच.

पेडल तळाला टेकलं होतं.

त्याच्यावर काही नव्हतं.

आम्ही दोघांनी ते पाहिलं. बाहेर वारा पडला होता. पत्रा तडतडत नव्हता. कुठून तरी तापलेल्या पॅडचा वास येत होता. गाडी तर आठवडाभर गार उभी होती.

"सोड," मी म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला नाही.

पेडल जरा थांबलं. मग सावकाश वर आलं.

ते पुरतं वर आलं आणि मॅटवरचा धनश्रीचा पाय खाली दाबला गेला. जड. सावकाश. तळापर्यंत.

मी तिला उचललं आणि बाहेर आणलं. शेडचं दारही लावलं नाही.

त्या दिवसानंतर मी ट्रॅकवर गेलो नाही. बबनरावांना फोन करून सांगितलं, घरी माणूस आजारी आहे, जमायचं नाही. सत्यजीतच्या गाडीचे ब्रेक दुसऱ्याकडून उघडून तपासून घ्या, हेही सांगितलं. त्यांनी तपासून घेतले. काही निघालं नाही. सत्यजीत भेटला तेव्हा म्हणाला, "मामा, ते सेटिंग कुणी काढलं? आता ब्रेक मी दाबल्यावरच लागतो." जरा नाराज होता. त्या शेडमध्ये आता दोन माणसं काम करतात. त्यांतल्या एकाला मी गप्पांच्या ओघात विचारलं, कधी एकट्यानं हाक मारून बघितली का? तो हसला. "मारली एकदा चुकून. कोन येतंय मामा? वारा बी न्हाई आला."

धनश्री आता चालते. वैष्णवी मॅडम दुसऱ्या पेशंटना आमचं उदाहरण देतात. सुरुवातीला पाय माझ्या शब्दावर चालायचा. मी अंगणात तिच्यापुढं उलटा चालायचो आणि म्हणायचो, दाब, धर, सोड. गल्लीतल्या बाया दारात येऊन बघायच्या. "नवरा आसावा तर आसा," म्हणायच्या. आता हाक लागत नाही. घरात मी दुसऱ्या खोलीत असलो तरी तिचं चालणं मला कळतं. डावं पाऊल ओळखीचं आहे, हलकं, आधी चाचपणारं. त्याच्यामागून दुसरं येतं.

परवा गुढीपाडवा झाला. दवाखान्यात सूज आली म्हणून बोटांतली जोडवी काढून ठेवली होती. सणाला बाईचं पाऊल मोकळं नको म्हणून आक्कानं डबीतून ती काढली, चिंचेनं घासून लखलखीत केली आणि तिच्यापुढं ठेवली. धनश्रीनं उंबऱ्याशी बसून डाव्या पायातलं नीट घातलं. उजवं तळहातावर घेऊन बघितलं आणि परत डबीत टाकलं.

"आगं, दुसऱ्या पायात?" आक्का म्हणाली.

धनश्रीनं लुगड्याचा काठ ओढून उजवं पाऊल झाकलं. आजारपणानंतर न अडखळता, सबंध, एका दमात बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

"गड्याच्या पायात कुनी जोडवी घालतंय व्हय, आक्का?"